आल्प्सच्या पायथ्याचे मोटारविरहित खडीरस्ते

म्युनिकहून दक्षिणेकडे निघालेली स्थानिक रेल्वेगाडी साधारण तासाभरात इझार नदीच्या काठच्या लेंगग्रीस या गावी पोहोचते. उन्हाळ्यातल्या एखाद्या स्वच्छ रविवारी तिथून झिल्वेनश्टाइन जलाशयाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर मोटारी आणि मोटारसायकली यांची रांग तुटत नाही. जवळच्या केसेलबर्ग घाटात तर शनिवार-रविवारी चढाच्या दिशेने मोटारसायकलींना मनाई करावी लागली आहे. त्याच डोंगरांमध्ये, हमरस्त्यापासून थोड्याच अंतरावर, जंगलातून वळणे घेत चढणारे खडीचे रुंद रस्ते आहेत आणि त्यांवर दिवसभर सायकल चालवली तरी एखाद-दुसऱ्या ट्रॅक्टरपलीकडे वाहन भेटत नाही. हे रस्ते मोकळे का आहेत, ते सायकलीला इतके सोयीचे कसे झाले आणि त्यांवर चालवायची सायकल वेगळी का असते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. रस्ता कुणी, कशासाठी बांधला हे समजले की बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते.

आधी सायकलीविषयी थोडक्यात. ग्रॅव्हल बाइक दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी असते. तिचे हँडल खाली वळलेले असते, मात्र टायर 40 ते 50 मिलिमीटर रुंद असतात, ब्रेक डिस्कचे असतात आणि गिअर चढासाठी पुरेसे हलके ठेवलेले असतात. हा प्रकार अमेरिकेत वाढला. कॅन्ससमधील एम्पोरिया येथे 2006 साली सुरू झालेल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीने त्याला नाव मिळवून दिले आणि 2022 साली आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने या प्रकारातील पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इटलीच्या व्हेनेतो प्रांतात घेतली. अमेरिकेतील आणि आल्प्समधील खडीरस्त्यांत मात्र मूलभूत फरक आहे. कॅन्ससमधील खडीचे रस्ते सार्वजनिक असून त्यांवर मोटारी चालतात, फक्त वस्ती विरळ असल्यामुळे त्या कमी असतात. आल्प्सच्या पायथ्याचे बहुतेक खडीरस्ते खासगी मोटारींना बंदच आहेत. तिथला मोकळेपणा नियमाने आलेला असल्यामुळे म्युनिकसारखे मोठे शहर तासाभराच्या अंतरावर असूनही तो टिकून राहिला आहे.

हे रस्ते सायकलस्वारांसाठी कुणी बांधलेले नाहीत. त्यांचे मूळ काम लाकूड बाहेर काढणे हे आहे. जर्मनीतील बव्हेरिया राज्याच्या या पट्ट्यात स्प्रूस, फर आणि बीच यांची जंगले आहेत, त्यांतील बराच भाग राज्याच्या वनउद्योगाच्या ताब्यात आहे आणि उरलेला शेतकरी, गावे व इतर खासगी मालक यांच्याकडे आहे. तोडलेले ओंडके भरून नेणारा जड मालट्रक ज्या रस्त्याने चढतो-उतरतो, त्या रस्त्याचा चढ फार तीव्र ठेवता येत नाही. तो सर्वसाधारणपणे 8 ते 10 टक्क्यांच्या आसपास राखला जातो आणि काही तुकड्यांतच त्याहून वर जातो. वळणेही लांब ट्रक फिरू शकेल इतकी मोठी ठेवावी लागतात. जी मर्यादा भरलेल्या ट्रकसाठी आखली गेली, तीच नेमकी माणसाच्या पायांनाही झेपणारी निघाली, हे सायकलस्वारांचे भाग्य म्हणायचे. त्याच डोंगरावरची जुनी पाऊलवाट सरळ चढते आणि 20-25 टक्क्यांपर्यंत सहज जाते. जंगलरस्ता मात्र तेवढीच उंची दुपटीहून अधिक अंतर घेऊन गाठतो. दुसरा उपयोग पशुपालनाचा आहे. उन्हाळ्यात खालच्या गावांतील गुरे डोंगरावरच्या कुरणांत चरायला नेतात, तिथे गवळ्यांची हंगामी घरे असतात, काही ठिकाणी दूध-चीजही मिळते, आणि या कुरणांपर्यंतचा रस्ताही असाच खडीचा असतो.

त्याच्या बांधणीत महाराष्ट्रातील वाचकाला अनोळखी असे काही नाही. आपल्याकडे ग्रामीण रस्त्याचे आधी खडीकरण आणि नंतर निधी आला की डांबरीकरण होते. त्या खडीकरणातला, म्हणजे डब्ल्यूबीएमचा, जो टप्पा आहे, तिथेच हे रस्ते मुद्दाम थांबवलेले असतात. खाली मोठ्या दगडांचा थर, त्यावर लहान खडी, आणि सर्वांत वर बारीक खडी व चुनखडीची भुकटी यांचा थर पाणी मारून रोलरने दाबलेला असतो. चुनखडीची भुकटी ओली होऊन वाळली की घट्ट धरते, त्यामुळे चांगल्या स्थितीतला असा रस्ता डांबराच्या जवळपास गुळगुळीत असतो. डांबर न टाकण्यामागे साधा हिशेब आहे. साखळीपट्ट्यांची यंत्रे आणि ओढत नेलेले ओंडके डांबर उखडून टाकतील, आणि ते दुरुस्त करण्यापेक्षा खडी पुन्हा पसरून दाबणे कितीतरी स्वस्त पडते.

अशा रस्त्याचा खरा शत्रू पाणी असते. म्हणून त्याचा मध्य किंचित उंच तरी ठेवतात किंवा पूर्ण पृष्ठभाग एका बाजूला कललेला ठेवतात. डोंगराच्या बाजूने गटार काढतात, ठरावीक अंतरावर मोऱ्या बसवतात, आणि चढावर लाकडी किंवा लोखंडी पन्हळी रस्त्यात तिरप्या पुरतात, म्हणजे वाहते पाणी रस्त्याच्या लांबीने न धावता बाजूला पडते. सायकलस्वाराने ही पन्हळ ओळखायला शिकलेच पाहिजे. ती तिरपी असते आणि चाक तिच्या रेषेत शिरले तर अडकते, म्हणून ती ओलांडताना चाक शक्य तितके काटकोनात ठेवावे लागते. उतारावर, झाडांच्या सावलीत, ओल्या लाकडाची पन्हळ उशिरा दिसते, आणि पहिल्यांदा या भागात येणारे लोक पडतात ते बहुधा अशाच ठिकाणी.

सगळे खडीरस्ते सारखे का नसतात, याचे उत्तर भूगर्भात आहे. म्युनिकहून दक्षिणेला जाताना जमीन तीन पट्ट्यांत बदलते. पहिला पट्टा मोलास खडकाचा, म्हणजे आल्प्स उंचावत असताना त्यांची झीज होऊन पायथ्याच्या खोलगट भागात साचलेल्या वाळू, चिखल आणि गोट्यांचा. त्यावर हिमयुगातील हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गाळाच्या टेकड्या आहेत आणि श्टार्नबर्ग, आमर यांसारखी मोठी सरोवरे याच हिमनद्यांची देणगी आहेत. इथले रस्ते लहान-लहान चढउतारांचे असतात आणि गावे जवळजवळ असल्यामुळे डांबरी तुकडे वारंवार लागतात. दुसरा पट्टा फ्लिश खडकाचा, म्हणजे वालुकाश्म आणि मऊ मृण्मय थर यांच्या आळीपाळीने बनलेल्या गोलाकार, जंगलांनी झाकलेल्या डोंगरांचा. बाड ट्योल्त्सजवळचा 1248 मीटर उंचीचा ब्लोमबर्ग अशा डोंगरांपैकी आहे. या खडकाची माती पाणी धरून ठेवते, उतार घसरतात, रस्त्याच्या कडा खचतात, आणि पावसानंतर दोन दिवस उलटले तरी सावलीतला रस्ता चिखलाचाच राहतो. तिसरा पट्टा चुनखडी आणि तिच्यासारख्याच डोलोमाइट खडकाचा. हा खडक फुटून टोकदार बारीक तुकडे होतात, त्यांतून पाणी झटकन निघून जाते, आणि सकाळी धो-धो पाऊस पडला असला तरी दुपारी रस्ता चालवण्याजोगा होतो. मला स्वतःला या माहितीचा उपयोग हवामानाच्या अंदाजाइतकाच मोठा वाटतो: आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर फ्लिशच्या डोंगरांकडे न वळता थोडे पुढे, चुनखडीच्या खोऱ्यांत जावे.

आता कायदा. बव्हेरियाच्या 1946 सालच्या राज्यघटनेतील 141व्या कलमाने निसर्गसौंदर्याचा आनंद घेणे, जंगलांत आणि डोंगरी कुरणांत प्रवेश करणे, इतकेच नव्हे तर तिथली रानफळे स्थानिक रीतीप्रमाणे गोळा करणे, हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. जमीन खासगी असली तरी हा हक्क लागू होतो. घटनेत रानफळांचा उल्लेख असणे वाचताना विशेष वाटते, पण युद्धानंतरच्या टंचाईच्या वर्षी लिहिलेल्या घटनेत तो केवळ सजावटीचा असेल असे मला वाटत नाही. पुढे संपूर्ण पश्चिम जर्मनीसाठी झालेल्या 1975 सालच्या वन अधिनियमाने जंगलातील सायकलीला रस्ते आणि वाटा यांपुरती परवानगी दिली, आणि हा वापर ज्याच्या-त्याच्या जबाबदारीवर असेल असेही स्पष्ट केले; झाडाची फांदी अंगावर पडली तर मालकाला दोष देता येत नाही. बव्हेरियाच्या निसर्गसंरक्षण कायद्यात आणखी दोन गोष्टी आहेत: वाट सायकलीसाठी योग्य असली पाहिजे, आणि पायी चालणाऱ्यांना प्राधान्य आहे. मोटारीला मात्र यांतला कुठलाच हक्क मिळत नाही. वनविभागाची वाहने, कुरणांचे शेतकरी, शिकारीचा परवाना असलेले लोक यांनाच ती नेता येते. सायकलस्वाराचा मोकळा रस्ता हा या एका भेदातून निर्माण झाला आहे.

सीमेपलीकडे ऑस्ट्रियात नेमके उलटे आहे, आणि हे ठाऊक नसल्याने अनेक जण अडचणीत येतात. ऑस्ट्रियाचा वन अधिनियमही 1975 सालचाच आहे. त्याच्या 33व्या कलमानुसार विश्रांतीसाठी जंगलात पायी फिरण्याचा हक्क सर्वांना आहे, परंतु सायकल चालवायची असेल तर रस्त्याच्या धारकाची संमती लागते. संमती नसताना गेलेल्या सायकलस्वारावर मालक न्यायालयात दावा लावू शकतो, आणि असे दावे होतातही. टिरोल प्रांताने 1990च्या दशकात यातून मार्ग काढला: प्रशासन आणि पर्यटन संस्था जमीनमालकांशी करार करतात, मालकाला मोबदला आणि विम्याचे संरक्षण मिळते, आणि करार झालेले रस्ते फलक लावून सायकलींना खुले केले जातात. म्हणून टिरोलमध्ये मोकळा दिसणारा प्रत्येक खडीरस्ता आपला नसतो. फलक असलेला रस्ताच आपला. बव्हेरियातला माणूस उत्साहाच्या भरात डोंगराची धार ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात उतरला, की दुसऱ्या देशाबरोबर दुसरा कायदाही सुरू होतो, याची त्याला कित्येकदा जाणीव नसते.

फलकांच्या बाबतीत जर्मनीतही एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. लाल कडा असलेला कोरा पांढरा गोल फलक सर्व वाहनांना, म्हणजे सायकलीलाही, प्रवेश नाकारतो, मग खाली सायकलींना मोकळीक देणारी पाटी असेल तरच जाता येते. त्याच लाल गोलात मोटार आणि मोटारसायकल यांची चित्रे असतील, तर मनाई फक्त इंजिनाच्या वाहनांना असते आणि सायकल निर्धास्त नेता येते.

आता सायकलीकडे परत येऊ, कारण अशा रस्त्यावर रुंद टायर का लागतो हे पुष्कळदा चुकीचे समजले जाते. अनेकांना वाटते की टायर जितका कडक तितकी सायकल हलकी धावते. गुळगुळीत डांबरावर त्यात काही तथ्य असते. खडीवर मात्र कडक टायर प्रत्येक दगडावरून उडतो, आणि उडताना तो सायकलीला व तिच्यावर बसलेल्या माणसाला थोडे-थोडे वर उचलतो; त्या उचलण्यात खर्च झालेली शक्ती पुढे जाण्याच्या कामी येत नाही, ती हातांच्या, पाठीच्या आणि मांड्यांच्या स्नायूंत कंप होऊन विरते. मऊ टायर दगडाभोवती आकार घेतो, त्यामुळे सायकलीची पातळी फारशी बदलत नाही. दाब कमी ठेवायचा तर टायर रुंद हवा, नाहीतर दगडावर आपटून रिम वाकते आणि आतली ट्यूब चिमटली जाऊन पंक्चर होते. साधारण 75 किलो वजनाच्या माणसाला 45 मिलिमीटरच्या टायरमध्ये 30 पीएसआयच्या आसपासचा दाब पुरतो, तर शर्यतीच्या 28 मिलिमीटरच्या टायरमध्ये तोच माणूस 70-80 पीएसआय भरतो. ट्यूब काढून आत सीलंट घातलेली ट्यूबलेस रचना इथे खरोखर उपयोगी पडते, कारण डोलोमाइटच्या टोकदार तुकड्यांनी पडणारी लहान भोके ती आपोआप बुजवते. घरून निघण्यापूर्वी अंगठ्याने चाक दाबून पाहण्याऐवजी दाबमापक वापरावा, असे मी आग्रहाने सांगेन. पाच पीएसआयचा फरक अंगठ्याला कळत नाही, पण तिसऱ्या तासाला मनगटांना कळतो.

गिअरचा हिशेब थोडा आकड्यांत पाहिला तर स्पष्ट होतो. माणूस आणि सायकल मिळून 85 किलो धरले आणि चढ 10 टक्के असला, तर ताशी 6 किलोमीटरच्या संथ वेगालाही 150 वॅटच्या आसपास शक्ती लागते. हे सराव असलेल्या माणसाला जमते, पण त्या वेगाला पायडल किती फिरते हा खरा प्रश्न आहे. पुढच्या चेनव्हीलला आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला सारखेच दाते असतील, तर पायडल मिनिटाला 45 वेळा फिरते. म्हणजे प्रत्येक फेरीत गुडघ्यावर मोठा भार येतो. पुढे 30 आणि मागे 36 दाते असतील तर फेऱ्या 55 होतात आणि तेच काम गुडघे न दुखवता होते. शिवाय खडीच्या चढावर उभे राहून पायडल मारता येत नाही, कारण मागच्या चाकावरचे वजन कमी होऊन ते जागीच फिरते. बसूनच चढावे लागते, आणि बसून चढायला हलका गिअर लागतो. दुकानात सायकल घेताना लोक चौकटीचे वजन विचारतात. या डोंगरांसाठी सर्वांत हलका गिअर कोणता हे आधी विचारायला हवे.

उतार हा या प्रकारातला सर्वांत गंभीर भाग आहे. वळणाच्या बाहेरच्या कडेला ट्रकच्या चाकांनी उडवलेली सुटी खडी साचलेली असते, तिच्यावर पुढचे चाक वळवत असताना ब्रेक लावला तर ते घसरते. म्हणून वेग वळणाआधीच, सायकल सरळ असताना, कमी करायचा असतो. मोटारविरहित रस्ता म्हणजे रिकामा रस्ता नव्हे, हेही उतारावरच कळते. आंधळ्या वळणापलीकडे चालणारे कुटुंब असू शकते, वर येणारा ट्रॅक्टर असू शकतो, आणि कुरणाच्या भागात रस्त्यावरच बसलेली गाय असू शकते. कुरणांच्या हद्दीवर रस्त्यात आडव्या लोखंडी गजांची जाळी बसवलेली असते, जिच्यावरून गुरे जात नाहीत पण चाके जातात. ती सरळ रेषेत, ब्रेक न लावता पार करावी, आणि पावसात तिच्यावर हँडल अजिबात वळवू नये. फाटक असेल तर ते ज्या स्थितीत सापडले त्याच स्थितीत सोडावे. वासरासोबतच्या गाईपासून लांबून जावे, गरज पडली तर उतरून सायकल आपल्या आणि तिच्यामध्ये धरावी. पायी चालणाऱ्यांजवळ पोहोचताना घंटी लांबूनच वाजवावी आणि माणसाच्या चालीच्या वेगाने पुढे जावे. कायद्यातले प्राधान्य प्रत्यक्षात उतरते ते इथे.

या भागातला हंगाम ढोबळमानाने मे ते ऑक्टोबर असा असतो. वायव्येकडून येणारी दमट हवा आल्प्सच्या भिंतीला अडून वर चढते, त्यामुळे डोंगरांच्या उत्तर कडेला वर्षाला 1500 ते 2000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि आपल्याकडच्या मान्सूनसारखा त्याचाही भर उन्हाळ्यातच असतो. दुपारी तीन-चारनंतर ढग दाटून वीज पडण्याची शक्यता वाढते, म्हणून चढ सकाळी आटोपून दुपारी खाली येण्याची इथली जुनी रीत सायकलीलाही लागू पडते. पहाटे आणि संध्याकाळी उशिरा जंगलात न राहण्यामागे आणखी एक कारण आहे: हरणे त्याच वेळी चरायला बाहेर पडतात. ऑस्ट्रियात खुल्या केलेल्या अनेक मार्गांवर याच कारणाने वेळेची आणि महिन्यांची मर्यादा घातलेली असते.

रस्ता बंद असण्याचे सर्वांत सामान्य कारण मात्र लाकूडतोड आहे. स्प्रूसच्या सालीत राहणाऱ्या भुंग्यांची पैदास उष्ण, कोरड्या उन्हाळ्यात झपाट्याने होते. लागण झालेले झाड नवी पिढी उडून जाण्यापूर्वी, म्हणजे काही आठवड्यांच्या आत, जंगलाबाहेर न्यावे लागते, नाहीतर शेजारची झाडेही जातात. म्हणून तोड केवळ हिवाळ्यात होते असे मानून चालत नाही. ऐन ऑगस्टमध्येही यंत्रे, ओंडक्यांचे ढीग आणि रस्त्यावर ताणलेली फीत भेटू शकते. ती फीत ओलांडू नये. वरून सुटलेला ओंडका उतारावर थांबत नाही, आणि यंत्र चालवणाऱ्याला सायकलस्वार दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही.

मार्ग आखताना ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा मोठा आधार होतो, कारण त्यात जंगलरस्त्यांच्या पृष्ठभागाची पाच प्रतींत नोंद असते. पहिली प्रत डांबरी किंवा अगदी घट्ट दाबलेल्या रस्त्याची, दुसरी पक्क्या खडीची, तिसरी खडी आणि माती मिसळलेली, आणि पाचवी म्हणजे निव्वळ मऊ मातीची गाडीवाट. ग्रॅव्हल बाइकसाठी पहिल्या तीन प्रती ठीक असतात, आणि फ्लिशच्या पट्ट्यात तिसरीबद्दलही सावध राहावे. नवख्या माणसाने चढाची टक्केवारी आणि एकूण चढाई दोन्ही पाहावीत. 40 किलोमीटरमध्ये 800 मीटर चढाई हा पूर्ण दिवसाचा कार्यक्रम आहे.

म्युनिकमध्ये राहणाऱ्या आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या मराठी वाचकांना मी पहिल्यांदा बाड ट्योल्त्स ते लेंगग्रीस हा इझारच्या काठाचा जवळजवळ सपाट टप्पा सुचवेन, कारण दोन्ही टोकांना रेल्वे आहे आणि दमले तर परतता येते. सायकलीसाठी वेगळे तिकीट काढावे लागते, एवढेच लक्षात ठेवावे. त्यानंतरचा टप्पा म्हणजे सीमेपलीकडे टिरोलमधील शार्निट्स. 1912 साली सुरू झालेल्या मिटेनवाल्ड रेल्वेमार्गावरचे हे स्थानक 964 मीटर उंचीवर आहे, आणि तिथून इझारच्या उगमाकडे जाणारा सुमारे 14 किलोमीटरचा रस्ता खासगी मोटारींना बंद असून सायकलींना रीतसर खुला केलेला आहे. एवढ्या अंतरात निव्वळ उंची जेमतेम 200 मीटर वाढते, खडक चुनखडीचा असल्यामुळे पृष्ठभाग लवकर वाळतो, आणि परतीचा सगळा प्रवास सौम्य उताराचा असल्याने सुट्या खडीवर ब्रेक कसा लावायचा याचा सराव तिथे निवांतपणे करता येतो.